दात काढण्याआधी विचारायचा प्रश्न

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)

सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि त्यानंतर बटाटेवडे आहेत, त्यामुळे जास्त लांबवत नाही.

गेली पंचवीस वर्षं माझं अर्धं क्लिनिक आपल्या लिफ्टमध्येच चालतं. "डॉक्टर, ही दाढ फार छळते. काढून टाकू का?" तळमजला ते चौथा मजला एवढ्या वेळात मी काय सांगणार? आज लिफ्ट मध्येच अडकली आहे असं समजा आणि ऐका.

दात दुखतो तेव्हा माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट असते, दुखणं थांबावं. दात निघतो, दुखणं थांबतं, पेशंट खूश होऊन घरी जातो. पण त्या रिकाम्या जागेचं पुढे काय होतं, हे फारसं कुणी विचारत नाही.

जबड्याच्या हाडाचा जो भाग दाताला धरून ठेवतो, तो दातासाठीच असतो. दात गेला की शरीर ते हाड हळूहळू काढून घेतं. बंद फ्लॅटचं कसं होतं? कुणी राहत नाही, मग कुणी दुरुस्ती करत नाही, आणि भिंती खचत जातात. तसंच हे. दात काढल्यानंतर पहिल्या सहा महिन्यांत हाडाची रुंदी सरासरी 3 ते 4 मिलिमीटरने आणि उंची 1 मिलिमीटरहून थोडी जास्त कमी होते. तुम्ही म्हणाल, एवढंसं? पण नेहमीच्या इम्प्लांटची जाडीच साधारण 4 मिलिमीटर असते, आणि पुढच्या दातांच्या ओठाकडच्या बाजूची हाडाची भिंत बहुतेकांमध्ये 1 मिलिमीटरपेक्षाही पातळ असते.

हे मी पुस्तकात शिकलो होतो. समजलं मात्र घरात.

माझी आई जुन्या मंडळींना आठवत असेल. गणपतीत चकल्या तिच्याच हातच्या असायच्या. तिचे खालचे दात मीच काढले, एकेक करून, काही वर्षांत. दर वेळी ती विचारायची, "अरे, इथे आता काय बसवणार?" आणि मी म्हणायचो, "बघू गं नंतर." रिकाम्या जागेत भरायचं साहित्य तेव्हाही मिळत होतं. महाग होतं, आणि खरं सांगायचं तर मीच मनावर घेतलं नाही. शेवटी पूर्ण कवळी करायची वेळ आली तेव्हा खालची हिरडी सपाट झाली होती. कवळीला धरायला काही उरलंच नव्हतं. बोलताना ती हलायची, जेवताना आई तोंडावर हात धरायची. इम्प्लांटसाठी स्कॅन केला तर खालच्या नसेच्या वर पुरेसं हाड नाही. कमरेचं हाड काढून लावता आलं असतं, पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती म्हणाली, "राहू दे रे आता." शेवटची काही वर्षं ती चकल्या करायची, पण स्वतः खायची नाही.

म्हणून आता मी दात काढण्याआधीच हा विषय काढतो.

उपाय तसा साधा आहे. दात हळुवार, भोवतीची भिंत न फोडता काढायचा. खड्डा स्वच्छ करायचा. त्यात हाडाची भर, म्हणजे बोन ग्राफ्टचे बारीक दाणे भरायचे, वर पातळ पडदा ठेवून टाके घालायचे. त्या दाण्यांच्या आधाराने शरीर नवं हाड तयार करतं. साधारण चार ते सहा महिन्यांनी तिथे इम्प्लांट बसवता येतो. झीज पूर्ण थांबते असं नाही. बरीच कमी होते.

हे दाणे कशाचे, हे आपल्याकडे विचारायलाच हवं. काही प्राण्यांच्या हाडापासून, बहुतेक वेळा गाय-बैलाच्या, प्रक्रिया करून बनवतात. काही मानवी दात्याच्या हाडाचे असतात. काही पूर्ण कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटचे. कधी रुग्णाचंच हाड वापरतात. वरचा पडदाही बऱ्याचदा प्राणिज कोलॅजनचा असतो. ज्यांना चालत नसेल त्यांनी आधीच सांगावं, संकोच करू नये. पर्याय असतात. पेशंटला न सांगता काही भरणं मला योग्य वाटत नाही.

आणि हे सगळ्यांना लागतं असंही नाही. अक्कलदाढ काढली, तिथे काही बसवायचंच नाही, तर उगाच खर्च कशाला? खूप पू झाला असेल तर आधी तो बरा करावा लागतो. आणि जो दात रूट कॅनालने वाचतो तो वाचवा. स्वतःच्या दातासारखं हाड सांभाळणारं दुसरं काही नाही.

डॉक्टरांपासून तीन गोष्टी लपवू नका: मधुमेह, तंबाखू-मशेरी-सिगारेट, आणि चालू औषधं. विशेषतः हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर दात काढण्याआधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका.

नंतर चोवीस तास जोरात चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने पिऊ नका. एखाद-दुसरा दाणा बाहेर आला तर घाबरू नका.

बाकी सगळं विसरलात तरी चालेल. खुर्चीत बसल्यावर, इंजेक्शनच्या आधी, एवढंच विचारा: "डॉक्टर, हा दात काढल्यावर या जागेचं काय करायचं?" माझ्या आईने हा प्रश्न बरोबर विचारला होता. उत्तर माझं चुकलं होतं.

चला, वडे गरम आहेत. ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांनी दोन खा.