ग्रंथपालनाच्या शाळेंतील पहिलें सत्र



ग्रंथपाल होण्यासाठीं शाळेंत जावें लागतें, असें सांगितलें म्हणजे पुष्कळांस हंसूं येतें. कपाटाच्या किल्ल्या हातीं असल्या, वर्गणीची पावती फाडतां आली आणि परत आलेलें पुस्तक जागेवर ठेवतां आलें, कीं ग्रंथपाल तयार झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शाळामास्तरकींतून सेवानिवृत्त झाल्यावर मीं ग्रंथपालनाच्या प्रमाणपत्र-वर्गांत नांव घातलें, तेव्हां आप्तमंडळींनीं हाच प्रश्न केला: "त्यांत शिकण्यासारखें तें काय?" त्या वर्गाचें पहिलें सत्र नुकतेंच संपलें. त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा आज माझा विचार आहे.

नांव घालण्यास कारणही तसेंच घडलें. आमच्या पेठेंतील लहानसें वाचनालय एका सज्जन गृहस्थांनीं कित्येक वर्षें एकट्यानें सांभाळलें. दाखल-नोंदवही होती, परंतु कोणतें पुस्तक कोणत्या कपाटांत, कोणत्या फळीवर, हें सारें त्यांच्या स्मरणांत होतें. ते वारले आणि पुस्तकांचा ठावठिकाणा त्यांच्याबरोबर गेला. पुस्तकें आंत आहेत, वाचक दारांत उभा आहे, आणि दोघांची गांठ पडत नाहीं, अशी अवस्था झाली. पुढें कार्यकारी मंडळांत विचार निघूं लागला कीं, जुनीं पुस्तकें कोणी मागत नाहीं, तेव्हां तीं रद्दींत काढावींत. पुस्तक मागितलें जात नाहीं कीं मागितलेलें सांपडत नाहीं, हा भेद कोणी पाहिला नाहीं. तो भेद ओळखण्याची विद्या म्हणजेच ग्रंथपालन, असें आतां मला वाटतें.

या विद्येच्या शाळेस फार मोठा इतिहास आहे असें नाहीं. मेल्विल ड्यूई यांनीं १८८७ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजांत अशी पहिली शाळा उघडली. तींत बहुसंख्य विद्यार्थी स्त्रिया होत्या, आणि ही गोष्ट कॉलेजच्या चालकांस रुचली नव्हती. तेथें शिकावयास आलेल्यांस अक्षराचा कित्तासुद्धां नव्यानें गिरवावा लागे. कारण पत्रकावरील नोंद कोणाही अनोळखी वाचकास लागली पाहिजे. आपल्याकडे बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आणलें, आणि १९११ सालीं बडोद्यास असा वर्ग सुरू झाला.

आमच्या सत्रांत पहिला विषय वर्गीकरणाचा. ड्यूई यांनीं १८७६ सालीं सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडले आणि प्रत्येकाचे पुन्हां दहा दहा भाग केले. गणितास ५१०, ज्योतिषशास्त्रास ५२०, मराठी वाङ्मयास ८९१.४६ असे अंक पडले. ऐकावयास हें पाढ्यांसारखें सोपें वाटतें. परंतु हातीं ज्ञानेश्वरी आली म्हणजे पंचाईत होते. ती गीतेवरील टीका म्हणून धर्मवर्गांत २९४.५९२४ या अंकाखालीं ठेवावी, कीं मराठी काव्य म्हणून वाङ्मयांत? शिवाय धर्माच्या वर्गांत ड्यूई यांनीं २२० पासून २८९ पर्यंतची ऐसपैस जागा ख्रिस्ती धर्मास दिली आणि जगांतील बाकी धर्म २९० च्या एका दालनांत दाटीनें बसविले. ज्यानें फळ्या आंखल्या, त्याची जगाकडे पाहण्याची दृष्टीही त्या फळ्यांवर उमटते, हें येथें ध्यानांत येतें. म्हणून अंक लिहिणाऱ्यानें डोळे मिटून अंक लिहूं नये.

ज्ञानेश्वरीचा निकाल आमच्या शिक्षिकाबाईंनीं सुंदर रीतीनें लावला. त्या म्हणाल्या, "पुस्तक एकाच जागीं राहतें, त्याचें पत्रक मात्र चार जागीं राहूं शकतें." तालिका म्हणतात ती हीच. राम गणेश गडकरी यांचेंच उदाहरण घ्या. त्यांनीं नाटकें स्वतःच्या नांवानें, कविता 'गोविंदाग्रज' या नांवानें आणि विनोदी लेख 'बाळकराम' या नांवानें लिहिले. माहितगारास हें ठाऊक असतें. पण जो तरुण वाचक प्रथमच वाचनालयांत येतो, त्यास तीं तीन निरनिराळीं माणसें वाटतात. तेव्हां 'गोविंदाग्रज: पहा गडकरी' एवढें दोन-तीन शब्दांचें पत्रक त्याला एका लेखकाच्या सर्व दालनांत नेऊन सोडतें. आतां पत्रकांच्या खणांची जागा पुष्कळ ठिकाणीं संगणकानें घेतली आहे. परंतु तीं तीन नांवें एकाच माणसाचीं, हें संगणकासही कोणीतरी आधीं सांगून ठेवावें लागतेंच.

सत्रांतील सर्वांत मोठा लाभ मात्र रंगनाथन यांच्या परिचयाचा. शियाळी रामामृत रंगनाथन हे मुळांत गणिताचे अध्यापक. १९२४ च्या जानेवारींत ते मद्रास विश्वविद्यालयाचे ग्रंथपाल झाले, आणि तेथील एकांताचा त्यांस इतका कंटाळा आला कीं थोड्याच दिवसांत ते पुन्हां शिकविण्याचें काम मागूं लागले. 'आधीं इंग्लंडास जाऊन ही विद्या तर पहा,' असें त्यांस सांगण्यांत आलें. लंडनला शिकत असतां त्यांनीं अनेक ग्रंथालयें पाहिलीं. एका दुकानांत तेच ते सुटे भाग निरनिराळ्या रीतीनें जोडून नवीं नवीं खेळणीं होतांना पाहिलीं, आणि त्यावरून विषयाचेही सुटे भाग जोडून अंक बनवावा ही कल्पना त्यांस सुचली. त्यांची द्विबिंदु पद्धति १९३३ सालीं प्रसिद्ध झाली. त्यापूर्वीं, १९३१ सालीं, त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम मांडले होते. त्यांचा आशय थोडक्यांत असा: ग्रंथ वापरण्यासाठीं असतात, प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वांचावा, आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी संस्था आहे हें विसरूं नये.

यांतील तिसऱ्या नियमापाशीं मी पुष्कळ वेळ थांबलों. वाचकास पुस्तक हवें असतें, हें सर्वांस कळतें. पुस्तकासही वाचक हवा असतो आणि त्याचा शोध घेणें हें ग्रंथपालाचें कर्तव्य आहे, हा विचार वेगळा आहे. जें पुस्तक वर्षानुवर्षें कोणी नेलें नाहीं, त्याविषयीं 'हें बाद करावें काय?' असें विचारण्यापूर्वीं 'याची ओळख कोणास करून दिली होती काय?' असें विचारावें लागतें.

दुसरी गोष्ट शाळामास्तरास विशेष जाणवणारी आहे. शिक्षक प्रश्न विचारतो तेव्हां उत्तर त्यास ठाऊक असतें. ग्रंथालयांत प्रश्न वाचक विचारतो, आणि पुष्कळदां तो अर्धाच असतो. कोणी म्हणतो, "गाईवरचें पुस्तक द्या." त्यास गाईच्या आजारावर उपाय हवा असेल, दुधाचा धंदा काढावयाचा असेल, किंवा मुलाच्या निबंधापुरती माहिती पाहिजे असेल. तेव्हां परीक्षकाच्या स्वरांत न बोलतां दोन प्रश्न गोडीनें विचारून त्याची गरज जाणून घ्यावी आणि मग पुस्तक द्यावें. त्यानें काय वाचावें हें आपण ठरवूं नये. चाळीस वर्षें वर्गांत बोलत आलेल्या माणसास ऐकून घेण्याची ही शिस्त नवी आहे, आणि उतारवयांत ती शिकावयास मिळाली याचा मला आनंद आहे.

पुढील सत्र सुरू होईपर्यंत वर्गांतील दोन तरुण सोबती आणि मी मिळून आमच्या पेठेंतील वाचनालयाचें एकेक कपाट हातीं घेत आहों. धूळ झाडावयाची, पुस्तक उघडून पाहावयाचें, वर्गांक द्यावयाचा, नोंद करावयाची. रद्दीचा विचार मंडळानें तूर्त तहकूब ठेविला आहे. आपल्याही गांवीं, आपल्याही पेठेंत असें एखादें वाचनालय असेल. तेथें एकदां अवश्य जावें, एखादें जुनें पुस्तक नांवानें मागावें, आणि सांपडलें नाहीं तर रागावून परत न फिरतां, शोधावयास आपणही हात लावावा, एवढीच विनंति करून आपली रजा घेतों.