तबकडीवरचा आवाज

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाने कळव्यातल्या वडीलधाऱ्या बायकांची गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवायचे ठरवले आहे. त्यावर मी बोलावे असा आग्रह झाला. मी म्हटले, सातवी शिकलेल्या बाईला यंत्रातले काय कळणार? त्यावर अध्यक्षाबाई म्हणाल्या, "तुमची एकदा चूक झाली आहे ना, मग तुम्हीच सांगा." ते मात्र खरे आहे.

माझ्या सासूबाई धवलारीण होत्या. आम्हां आगरी लोकांत लग्नाचे धवले म्हणणाऱ्या बाईचा मान केवढा, हे इथे सांगायला नको. खारीगाव, विटाव्यापर्यंत त्यांना बोलावणे येई. सगळे तोंडपाठ, कागदावर एक अक्षर नाही.

२००७ साली माझ्या भाच्याने त्याच्या बँजो पार्टीसाठी तबकडीवर आवाज उतरवणारे यंत्र घेतले होते. मी त्याला म्हटले, आईंचे धवले उतरव. आई काही केल्या तयार होईनात. "लगीन नाय, नवरी नाय, धवला कोनाला बोलू?" शेवटी यंत्रालाच हळदकुंकू लावले, पुढे विडा ठेवला, तेव्हा कुठे बसल्या.

पहिली तबकडी यंत्राने घेतलीच नाही. दुकानदाराने संगणकाची दिली होती आणि या घरगुती यंत्राला खास संगीताची कोरी तबकडी लागे. भाचा पुन्हा ठाण्याला जाऊन आला. तोवर आईंनी विड्यातली सुपारी खाल्ली!

भाच्याने मला समजावले ते असे. यंत्र आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजते. ती मापे लेसरचा बारीक किरण तबकडीतल्या रंगाच्या थरावर खुणा करून लिहितो, आतून बाहेर, जिलबीच्या वेढ्यासारखी. वाजवताना सौम्य किरण त्याच खुणा वाचतो. एका तबकडीवर ७४ किंवा ८० मिनिटे मावतात. एकदा लिहिलेले या जातीच्या तबकडीवर पुसता येत नाही. दिव्यांची एक रांग असते. लाल दिवा लागू लागला की आवाज फाटतो, म्हणून आईंना थोडे मागे सरकवले.

सहा धवले झाले. यंत्रावर लगेच वाजवून ऐकवले. आई म्हणाल्या, "ही कोन म्हातारी?" आम्ही खूप हसलो. भाच्याला सुपारीला जायचे होते, तो यंत्र घेऊन गेला. तबकडी मी कपाटात ठेवली.

आणि इथेच चुकले. गाणी भरून झाली की शेवटी तबकडी बंद करावी लागते. म्हणजे यंत्र आतल्या कडेला गाण्यांची अनुक्रमणिका लिहिते. दुसरे यंत्र आधी ती वाचते, मग गाणे शोधते. तोवर तबकडी ज्या यंत्रावर भरली त्यावर वाजते, पण घरातल्या साध्या प्लेअरला ती कोरीच वाटते. आम्ही ते केलेच नव्हते.

२०११ साली आई गेल्या. वर्षश्राद्धाला नातेवाईक जमले, मी मोठ्या हौसेने तबकडी लावली. प्लेअरवर अक्षरे आली, तबकडी नाही. कोणी म्हणाले पुसली गेली, कोणी म्हणाले भरलीच नव्हती. यंत्र भाच्याने केव्हाच विकले होते. मी ती तबकडी साडीच्या घडीत ठेवून दिली. टाकवेना.

२०१९ मध्ये माझ्या मुलाच्या मित्राने जुन्या संगणकावर, ज्यात तबकड्या लिहिण्याची सोय होती, ती घातली. लिहिणाऱ्या यंत्राला अनुक्रमणिकेआधीची कच्ची टिपणेही वाचता येतात. सहापैकी चार धवले स्वच्छ निघाले. पाचवा मधेमधे तुटतो. सहावा गेला.

तिसऱ्या धवल्यानंतर आई विचारतात, "च्या ठेवलास काय गो?" आणि मी आतून खेकसते, "दोन हात आहेत मला!" तेही तसेच आहे. मुलगा म्हणाला, काढून टाकू का? मी नको म्हटले.

आता आपल्या कामाचे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांनी गायले, त्या तबकड्या जर्मनीत छापल्या जात. तिथल्या लोकांना कळावे म्हणून त्या गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव सांगत. तीन मिनिटांत गाणे आणि नावही! आपल्या बायकांनीही आधी नाव, माहेर, गाणे कोणत्या प्रसंगाचे ते बोलावे. आमच्या तबकडीवर आईंचे नाव कुठेच नाही. हल्ली सगळ्यांच्या हाती मोबाइल आहे, त्यावर उतरवले तरी चालेल; पण त्याच दिवशी संगणकावर एक आणि तबकडीवर एक अशा दोन प्रती निघाल्या पाहिजेत. तबकडी बंद केली का, ते दुसऱ्याच्या घरी वाजवून पाहावे. तिला ऊन लागू देऊ नये, आणि वरच्या, नाव लिहायच्या बाजूला टोकदार पेन लावू नये. खुणांचा थर त्या बाजूलाच अगदी जवळ असतो. आमचा सहावा धवला बहुधा माझ्याच बॉलपेनने गेला.

पुढच्या बुधवारी दुपारी दोनला माझ्या घरी पहिली बैठक आहे. ज्यांच्या घरी गाणाऱ्या आजी आहेत त्यांनी त्यांना रिक्षाने आणावे, भाडे मंडळ देईल. पंखा बंद ठेवावा लागेल, तेव्हा पदराने वारा घ्यायची तयारी ठेवा. चहा मी आधीच करून ठेवीन.