सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या बाजूला



१९५१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स ही कृष्णवर्णीय स्त्री कर्करोगाने वारली. तिच्या गाठीतील पेशी प्रयोगशाळेत वाढत राहिल्या. पोलिओच्या लसीची परीक्षा करण्यासही त्या उपयोगी पडल्या. त्यांवर संशोधन करण्यास तिची संमती मात्र कोणी घेतली नव्हती. तिच्या समाजातील माणूस भिंगाखाली होता. भिंगाला डोळा लावणाऱ्यांत तो क्वचितच आढळे. त्याला त्या दुसऱ्या बाजूला कसे न्यावयाचे, एवढाच आजचा विषय आहे.

शिष्यवृत्ती द्या म्हणजे झाले, असे आपण सहज म्हणतो. पैसा हवाच, पण पैशाने दार उघडते, घरातला वावर शिकता येत नाही. १९७० नंतरच्या दशकात बर्कले विद्यापीठात युरी ट्राइसमन यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी कलनशास्त्राचा अभ्यास कसा करतात, हे जवळून पाहिले. कृष्णवर्णीय मुले आळशी असतील, त्यांच्या घरी शिक्षणाची आस्था नसेल, ही अनुमाने टिकली नाहीत. मुले कष्टाळू होती; पण एकेकटी अभ्यास करीत. चिनी मुले संध्याकाळी एकत्र बसत, एकमेकांची उत्तरे तपासत, चुका हसतखेळत दाखवीत. उणीव बुद्धीची नव्हती, सोबतीची होती.

बाल्टिमोरच्याच सीमेवरील मेरिलँड विद्यापीठाच्या शाखेत १९८८ साली या जाणिवेला आकार आला. रॉबर्ट व जेन मायरहॉफ या दांपत्याने देणगी दिली. योजना उभारली फ्रीमन ह्राबाउस्की यांनी. हे गृहस्थ १९६३ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, बर्मिंगहॅमच्या मुलांच्या मोर्चात तुरुंगात गेले होते. पहिल्या तुकडीत १९ तरुण होते. पुढे मुली आल्या, आणि १९९६ पासून योजना सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुली झाली.

तिची रीत ऐकण्यासारखी आहे. कच्च्या मुलांना कसेबसे पार करण्याचा हा वर्ग नव्हे. हुशार मुलांना उत्तम करण्याचा तो आखाडा आहे. महाविद्यालय सुरू होण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात सर्वांनी एकत्र राहून शिकावयाचे. अभ्यास गटाने करावयाचा. मूलभूत विषयात बेताचे गुण पडले, तर तो विषय पुन्हा घ्यावा, असा आग्रह. आणि पदवी हाती येण्याच्या कितीतरी आधी खऱ्या प्रयोगशाळेत खरे काम.

याचे मर्म काय? पदवी-परीक्षेतील प्रश्नाचे उत्तर परीक्षकाला ठाऊक असते. डॉक्टरेटच्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच ठाऊक नसते. प्रयोग तीन महिने फसत राहिला तर काय करावे, मार्गदर्शकाशी मतभेद कसा बोलून दाखवावा, शिफारसपत्र कसे मागावे, हे प्राध्यापकाच्या मुलाला घरच्या जेवणाच्या पंगतीतच कळते. ज्याच्या घरी ती पंगत नाही, त्याला ती मुद्दाम मांडून द्यावी लागते.

फळही दिसले. निवड होऊनही जे दुसरीकडे गेले, त्यांच्या तुलनेत या योजनेतील विद्यार्थी विज्ञानातील डॉक्टरेटकडे सुमारे पाचपट अधिक प्रमाणात वळले. नॉर्थ कॅरोलायना आणि पेन स्टेट या विद्यापीठांनी २०१३ साली हीच रीत उचलली, आणि तेथेही ती रुजली. याच योजनेतून २००८ साली पदवीधर झालेल्या किझमेकिया कॉर्बेट या २०२० साली मॉडर्नाच्या करोना-लसीमागील शासकीय शास्त्रज्ञांत अग्रभागी होत्या.

१९७० नंतरच्या दशकापासून अशा तयारीला तेथील केंद्रीय आरोग्य-संशोधन संस्थेचे अनुदान मिळत असे. २०२५ साली त्यांतील अनेक योजना गुंडाळण्यात आल्या. म्हणूनच हे बोलणे अगत्याचे वाटले. ही रीत गुप्त विद्या नाही; उन्हाळ्यातील काही आठवडे, एक मोठे टेबल, भोवती बसणारी मुले आणि त्यांच्याकडून उत्तमाचीच अपेक्षा करणारा शिक्षक, एवढे तिला पुरते. अनुदान बंद करता येते. एकदा सिद्ध झालेली गोष्ट मात्र असिद्ध करता येत नाही. तिच्याकडे पाठ फिरविली, तर तो अज्ञानाचा दोष राहत नाही, निवडीचा होतो.