कोवळं पापलेट आणि कंपासपेटीतली पट्टी

आज आम्ही बोलणार आहोत माशाच्या मापाबद्दल. शेतीवाल्या मैत्रिणींनी रेडिओ बंद करू नका. मासा तुमच्याही ताटात येतो, आणि बोलता बोलता आपण खाडीच्या कडेला तुमच्या बांधापर्यंत येणारच आहोत.

२०२३ साली आपल्या राज्याने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, असा नियम. पापलेटासाठी १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८०, सुरमईसाठी ३७०. मिलिमीटर म्हटलं की डोक्यावरून जातं, म्हणून सोपं करून सांगतो. मुलांच्या कंपासपेटीत १५ सेंटीमीटरची पट्टी असते. पापलेट तिच्यापेक्षा दीड सेंटीमीटरने कमी भरलं तरी चालेल, पण त्याहून आखूड नको. बोंबील त्या पट्टीच्या बाहेर तीन सेंटीमीटर तरी गेला पाहिजे. आणि सुरमईला शाळेतली मोठी फूटपट्टीसुद्धा पुरत नाही.

आता हे आकडे कुणी टेबलाशी बसून काढले का, असं बैठकीत विचारलं गेलं. तसं नाही. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था म्हणून एक मोठी संस्था आहे, १९४७ सालापासूनची, मुख्यालय कोचीला आणि एक केंद्र मुंबईत. तिची माणसं वर्षानुवर्षं बंदरांवर जाऊन कोणती बोट किती आणि कोणता मासा घेऊन आली याची नोंद करतात. नमुन्याचे मासे घेतात, लांबी मोजतात, वजन करतात आणि पोट फाडून गाबोळी बघतात. गाबोळी धरली आहे का, भरली आहे का, की अजून तिचा पत्ताच नाही? मासा चिरताना आपण जे रोज बघतो तेच ते बघतात. फरक एवढाच की ते प्रत्येक वेळी लिहून ठेवतात. महिना, लांबी, गाबोळी. शेकडो माशांची अशी नोंद झाली की कळतं, अमुक जातीची मादी अमुक लांबीची झाल्यावर अंडी धरायला लागते. माशाच्या डोक्यात कानाचा एक बारीक खडा असतो. त्याच्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं असतात, त्यावरून वयाचाही अंदाज येतो.

म्हणजे आपल्या गटाच्या नोंदवहीसारखंच काम. एका महिन्याच्या वहीतून काही कळत नाही, दहा वर्षांची वही उघडली की कोण कुठे अडलं ते दिसतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. १३५ मिलिमीटरचं पापलेट म्हणजे पूर्ण वाढलेलं पापलेट नव्हे. ती अगदी खालची रेषा आहे. मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी देते, त्यामुळे मासा रेषेच्या जितका वर जाईल तितकं चांगलं.

मैत्रिणी लगेच विचारतात, मग जवळा बंद का? मांदेली बंद का? तीही बारीकच असतात की! नाही हो. लहान मासा वेगळा आणि कोवळा मासा वेगळा. जवळा मोठा झाला तरी जवळाच राहतो, त्याचं पूर्ण वय तेवढ्याच आकारात होतं. मांदेलीही जातीनेच लहान. पण तळहाताहून लहान पापलेट म्हणजे पापलेटाचं पोर आहे. एकदाही अंडी न घालता ते पाटीत आलं, तर पुढच्या वर्षीचं पापलेट कुठून येणार? बाजारात दोन्ही वाट्याने विकले जातात म्हणून ते सारखे दिसतात, इतकंच.

कोवळा मासा मुळात येतो जाळ्यातून, म्हणून जाळ्याबद्दलही थोडं. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटी पिशवी असते, सगळा मासा तिथे जमतो. नेहमीच्या जाळ्याची आस तिरकी, शंकरपाळ्यासारखी. बोट ओढू लागली की ती भोकं लांबट होऊन मिटतात. बाजाराची नायलॉनची जाळीदार पिशवी बटाट्यांनी भरून उचलून बघा, भोकं कशी आवळतात ते दिसेल. मग बारीक मासा निघणार कुठून? शास्त्रज्ञांनी सुचवलं की पिशवीला ४० मिलिमीटरची चौकोनी आस लावा. ती ओढली तरी उघडी राहते, कोवळा मासा पाण्यातच निसटतो. राज्याने हेही नियमात घेतलं आहे. किती बोटींवर तसं जाळं दिसतं, हे जेटीवर जाणाऱ्या बायकांना आम्ही सांगायला नको.

इथेच आमच्या बैठकीत वाद झाला, आणि तो होणं बरोबरच होतं. मासे विकणारी एक ताई म्हणाली, "समुद्रातून टनावारी कोवळा मासा उपसतो तो मोठा बोटवाला. त्याची भुकटी करणारे कारखाने आहेत. आणि पट्टी लावायची आम्ही, दोन पाट्यांवर घर चालवणाऱ्यांनी? आम्ही नाही घेतला तर शेजारची घेईल, मासा काही परत जिवंत होत नाही."

तिचं म्हणणं खोडून काढावं असं आम्हाला वाटलं नाही. तपासणी बोटीपाशी, जाळ्यापाशीच व्हायला हवी. पाटीवालीला धरणं सोपं असतं म्हणून तिच्यापासून सुरुवात करणं हा न्याय नव्हे. पण तिच्याच बोलण्यात एक वाट होती. "शेजारची घेईल," असं ती म्हणाली ना? शेजारचीही आपल्याच गटातली आहे! एकटीने नाही म्हटलं तर तिचं एकटीचं नुकसान. जेटीवरच्या लिलावात सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं तर कोवळ्या पापलेटाचा भाव पडतो, आणि भाव पडला की ते आणण्यात बोटवाल्याला रस उरत नाही.

म्हणून तीन गटांनी मिळून असं ठरवलं आहे: या हंगामात पट्टीहून आखूड पापलेटावर कुणी बोली लावायची नाही. बाकी मासे नेहमीसारखे. त्यामुळे ज्या ताईची पाटी रिकामी राहील, तिचा त्या महिन्याचा हप्ता गट पुढे ढकलेल, दंड न लावता. सगळ्या ५४ जातींवर एकदम गेलो असतो तर आठवड्यात मोडलं असतं. एका माशापासून सुरुवात केली आहे. टिकेल की नाही ते मे महिन्याच्या अखेरीला कळेल, १ जूनला बंदी लागण्याआधी. ती पावसाळी बंदीही माशांच्या विणीच्या दिवसांचा विचार करूनच आहे. आपल्या म्हाताऱ्यांनी नारळी पौर्णिमेआधी होडी लोटली नाही, ती खवळलेल्या दर्याला भिऊन. पण मासाही त्याच दिवसांत सुखाने वाढत होता.

आता बांधाकडे. कोळंबीची अंडी समुद्रात पडतात, पण तिची मुंगीएवढी पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात. तिवरांच्या, कांदळाच्या मुळांत लपतात, सडलेल्या पाल्यावर पोसतात, आणि मोठी झाली की परत समुद्रात जातात. कितीतरी मासे आणि चिंबोऱ्याही लहानपणी तिथेच असतात. म्हणजे खाडीचं कांदळवन ही समुद्राची अंगणवाडी आहे. आपण जळणासाठी तिवर तोडतो, मातीचा भराव तिथे टाकू देतो, आणि मग कोळंबी महागली म्हणतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. उभ्या झाडावर त्यांना उत्पन्न मिळतं. आपल्याकडे तसं जमेल का, यावर एक बैठक वेगळी घेऊ. खाडीलगत ज्यांची शेती आहे त्यांनी तिला जरूर यावं.

तोवर एक काम. घरी मासा चिराल तेव्हा तो आधी पट्टीवर आडवा ठेवा आणि चार गोष्टी लिहा: तारीख, मासा कोणता, लांबी किती, गाबोळी होती की नव्हती. वही जुनी चालेल, पोराटोरांकडून लिहून घेतली तरी चालेल. गटाच्या सचिवांनी ५४ जातींचा तक्ता मत्स्यव्यवसाय कार्यालयातून मागून आणावा आणि बैठकीच्या जागी भिंतीवर लावावा. वह्या पुढच्या महिन्याच्या बैठकीला घेऊन या. मोजायला बसायचं आहे, तेव्हा चष्मा विसरू नका.