पेढे आधी, निकाल नंतर

1997च्या बारावीच्या माझ्या सवंगड्यांनो आणि मागच्या रांगेत बसलेल्या यंदाच्या बारावीच्या मुलामुलींनो,

सकाळपासून सगळे माझ्या नोकरीचं कौतुक करताहेत. मी मात्र हातची गेलेल्या नोकरीबद्दल बोलणार आहे.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी, 2000च्या दिवाळीनंतर, कॅम्पसमधून माझी निवड झाली. कापूस विकून माझी फी भरणाऱ्या बाबांनी गावभर पेढे वाटले. मी पुस्तकं मिटली. 'सर्व विषयांत उत्तीर्ण' ही पत्रातली अट मी वाचली होती, मनावर घेतली नव्हती. उन्हाळी परीक्षेत एक विषय राहिला. ते मंदीचं वर्ष. कंपनीने पत्र रद्द केलं. हिवाळीत विषय निघाला, पण नोकरी मिळायला दोन वर्षं लागली. लोक विचारायचे, "पोरगी कवा जाते नोकरीवर?" बाबा म्हणायचे, "जाईल." मला त्यांनी एकदाही काही विचारलं नाही. तेच जास्त लागलं.

मुलांनो, जानेवारीत जेईई मेन छान गेली की बोर्डाची परीक्षा किरकोळ वाटते. पण नागपूरच्या व्हीएनआयटीत रँकवर जागा मिळाली, तरी बारावीला 75 टक्के लागतात किंवा आपल्या बोर्डाच्या पहिल्या 20 पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट 65 टक्क्यांची आहे.

पेढे जरूर वाटा. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पुस्तक उघडा.