निरोप द्यावा कसा आणि घ्यावा कसा

(ज्ञातिसंस्थेच्या महाबळेश्वर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांविषयी चार शब्द बोलावेत, असे चिटणीसांनी आम्हांस कळविले, तेव्हा प्रथम आम्ही नकारच दिला होता. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि परदेश आम्ही उभ्या जन्मात पाहिला तो वर्गातील भिंतीवरच्या नकाशावर. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, तुमच्या घरून एक मुलगी आफ्रिकेत जाऊन आली आहे, तेवढा अधिकार पुरे." त्या अधिकाराने आम्ही उभे आहोत.

नोकरीसाठी वा पैशासाठी जाणाऱ्यांविषयी आम्ही बोलणार नाही. त्यांच्या जाण्याचे कारण शेजारणीलाही समजते. परक्या मुलखातील परक्या माणसांची सेवा करावी म्हणून जो जातो, त्याच्या निरोपाविषयी आम्हांस बोलावयाचे आहे. अशा जाण्यात घराचा लाभ काय, या प्रश्नाला घरच्यांपाशी उत्तर नसते. आणि उत्तर नसले म्हणजे निरोप जड जातो.

काल पुष्कळ मंडळी जुन्या महाबळेश्वरास जाऊन पंचगंगेचे तीर्थ घेऊन आली. या डोंगरातून निघालेल्या नद्यांचे पुढे काय होते, हे आम्ही चौथीच्या मुलांना पुष्कळ वर्षे शिकविले. वेण्णा माहुलीस कृष्णेला मिळते, कोयना कऱ्हाडास मिळते. पण सावित्री पश्चिमेचा कडा उतरून महाडकडे जाते आणि बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. ती या बहिणींना पुन्हा भेटत नाही. एकदा एका मुलीने विचारले होते, "गुरुजी, मग सावित्रीला कोण सांगतं की बाकीच्या भेटल्या?" तेव्हा आम्ही हसून वेळ मारून नेली होती.

या महाबळेश्वरच्या मातीतही असा एक न परतलेला मनुष्य विसावला आहे. अमेरिकन मिशनचे ॲलन ग्रेव्ह्ज हे १८१८ साली मुंबईस आले आणि १८४३ साली येथेच वारले. त्यांच्या धर्मप्रसाराविषयी आपले मत काहीही असो. शिडाच्या जहाजाने चारपाच महिन्यांचा प्रवास करून, आईबापांचा निरोप घेऊन ही माणसे येत, आणि पत्र पाठवून त्याचे उत्तर येईपर्यंत वर्ष उलटून जाई. त्यांच्याही आधी, १८१३ साली मुंबईस आलेल्या गॉर्डन हॉल यांची कथा तर अधिक करुण आहे. १८२५ साली मुलांच्या प्रकृतीसाठी त्यांनी पत्नीला व दोन मुलांना अमेरिकेस धाडले आणि आपण येथेच राहिले. एक मुलगा समुद्रप्रवासातच दगावला. पुढच्याच वर्षी नाशिक-त्र्यंबकाकडे फिरतीवर असता हॉल स्वतः पटकीने गेले. मुंबईच्या बंदरावरील तो निरोप अखेरचा ठरला.

हे झाले आपल्याकडे आलेल्यांचे. आपल्याकडून गेलेल्यांत आम्हांस सर्वांत जवळचे वाटतात ते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली जपानच्या आक्रमणाने गांजलेल्या चीनच्या साहाय्यास राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक पाठविले. सुभाषचंद्र बोस हे त्या वेळी राष्ट्रसभेचे अध्यक्ष होते. पथकात अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस असे पाच जण होते. पैकी चोळकर हे नागपूरचे आणि वयाने बरेच मोठे, तर कोटणीस अवघे सत्तावीस वर्षांचे. १ सप्टेंबर १९३८ रोजी त्यांनी मुंबईचा किनारा सोडला. चीनमध्ये पोचून फार महिने झाले नाहीत तोच सोलापूरहून वडिलांच्या मृत्यूची वार्ता आली. परत येण्यास त्यांना कोणी आडकाठी केली नसती. तरी ते आले नाहीत. पुढे उत्तर चीनच्या डोंगरी मुलखात त्यांनी जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद सांभाळले, तेथीलच गुओ चिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले इन्हुआ. त्यातील 'इन्' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. तो मुलगा चार महिन्यांचा होण्यापूर्वीच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी कोटणीस वारले. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, तो आपल्यापैकी वडील मंडळींनी पाहिला असेल.

या चरित्राचा गौरव सर्वच करतात. आमचे मन मात्र शिक्षकाच्या सवयीने दुसरीकडेच वळते. सोलापुरात राहिलेल्या घराने ती वर्षे कशी काढली असतील? मुलगा दूरदेशी, कर्ता पुरुष गेलेला, आणि अखेरीस मुलाच्याही मृत्यूची बातमी. त्या घराचे पुतळे उभारले जात नाहीत.

आता आमच्या घराची गोष्ट सांगतो, आणि तीत प्रथम आमचा स्वतःचा अपराध सांगतो.

आमची धाकटी कन्या परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पुण्याला निघाली, तेव्हा घरी मोती नावाचा गावठी कुत्रा होता. तिनेच त्याला पावसात भिजत असता उचलून आणलेले. तो मागे येईल, केकाटेल, चारचौघांत शोभा होईल, म्हणून आम्ही त्याला मागल्या पडवीत कोंडले आणि पहाटेच्या गाडीने मुलीला घेऊन गेलो. आमच्या मातोश्री झोपेत होत्या. त्यांनाही उठविले नाही, उगाच रडतील म्हणून. दुसऱ्या दिवशी परत येऊन पाहतो तो मोती घरी नाही. तो एस.टी. स्थानकावर, पुण्याच्या गाड्या लागतात तेथे बसून होता. तीन दिवस प्रत्येक गाडीचे दार उघडले की उठून पाही आणि पुन्हा बसे. मातोश्रींनी तक्रार केली नाही. परंतु आठ दिवस आमच्याशी त्या कामापुरतेच बोलल्या.

जनावराच्या भावनेचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. त्यांनी संगम माहुलीस जावे. शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचे स्मारक तेथे आहे. त्याने वाघापासून महाराजांना वाचविले असे सांगतात. किंवा कालिदासाचे शाकुंतल आठवावे. शकुंतला सासरी निघते तेव्हा तिने वाढविलेले हरणाचे पाडस तिच्या वस्त्राला धरून ओढते. त्याच्या तोंडाच्या जखमेला तिने इंगुदीचे तेल लावलेले असते, मूठमूठ धान्य भरविलेले असते. आणि ती त्याच्याशी बोलल्यावाचून पाऊल उचलीत नाही. सिद्धार्थ गौतमाची कथा तर याहून विलक्षण. यशोधरेला आणि राहुलाला न उठविता तो रात्री बाहेर पडला. पण कंथक घोड्याचा निरोप त्याने अनोमा नदीच्या काठी घेतला, असे परंपरा सांगते. यशोधरेला हे कळले तेव्हा तिला काय वाटले असेल, याचा विचार आम्हांला पुष्कळदा पडतो. थोरांना रात्री निघून जाणे शोभले असेल, आपण संसारी माणसे. आपण उजेडी निघावे.

हे आम्ही शिकलो ते आमच्या मुलीकडून. पुण्याच्या रुग्णालयात सहा वर्षे नोकरी केल्यावर २०२२ साली एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवासंस्थेमार्फत तिची नेमणूक दक्षिण सुदानात झाली. हा देश २०११ साली स्वतंत्र झाला. आमच्या शाळेच्या नकाशावर तो वेगळा नव्हताच. घरात दोन दिवस कोणी धड जेवले नाही. तिच्या मातोश्री म्हणाल्या, "आजींना मुंबईला बदली झाली असं सांगू." आम्हांसही ते पटले होते, हे कबूल केले पाहिजे. मुलगी म्हणाली, "नाना, मी खोटं सांगून जाणार नाही. तिथे मन लागायचं नाही माझं."

तिने नकाशा आणला आणि आजीच्या मांडीवर पसरला. आजीचे वय शहाऐंशी, दृष्टी मंद. तिचे बोट धरून मुलीने महाबळेश्वरापासून मुंबई, तेथून समुद्र ओलांडून नाईल नदीपर्यंत फिरविले. मलेरिया, गोवर, बाळंतिणींचे हाल, सारे सांगितले. मुलूख शांत नाही हेही लपविले नाही. पीतज्वराची लस प्रवासापूर्वी निदान दहा दिवस टोचून घ्यावी लागते, तो दंडही दाखविला. मातोश्रींनी सगळे ऐकून एकच विचारले, "तिथे पाऊस किती पडतो?" येथे दोनशे इंचांहून अधिक पावसात जन्म काढलेल्या बाईला परका मुलूख मोजण्यास दुसरे माप कुठले असणार! मग त्या म्हणाल्या, "मी असेन-नसेन. तू माझ्याकरता अर्ध्यावर धावत येऊ नकोस. पण आता चार दिवस आहेस तर माझ्याजवळ नीज."

ती चार रात्री आजीजवळ निजली. चुलत्यांकडे, मामांकडे, गल्लीतील बोहारणीपर्यंत सर्वांकडे स्वतः जाऊन आली. मोती तोवर म्हातारा झाला होता. सामानाची पेटी तिने आठ दिवस आधीच ओसरीवर मांडली, त्याला हुंगू दिली, तो पेटीवर निजला तरी हुसकले नाही. रोज सायंकाळी त्याला आमच्याबरोबर फिरावयास पाठवी आणि स्वतः मागे राही, म्हणजे आमच्या पावलांची सवय व्हावी. (घरातील मांजराने या सर्व प्रकरणाची दखल घेतली नाही, हेही नमूद करतो.)

जानेवारीतील त्या दिवशी ऊन वर आल्यावर ती निघाली. आजीने तळहातावर दही घातले. मुलगी वाकून म्हणाली, "येते." आपल्याकडे 'जाते' म्हणत नाहीत. मोतीला कोंडले नव्हते. तो फाटकापर्यंत आला, तिने त्याचे डोके दोन्ही हातांत धरून बराच वेळ काही सांगितले. काय ते आम्ही विचारले नाही. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा तो परत येऊन ओसरीवर बसला. स्थानकावर गेला नाही.

ऑगस्टमध्ये, पावसाचा जोर असताना, मातोश्री गेल्या. संस्थेने परत येण्याची मुभा दिली होती. परंतु तिच्या केंद्रात त्या वेळी गोवराची साथ होती आणि बदली परिचारिका पोचलेली नव्हती. तिने फोनवरून विचारले, "नाना, येऊ का?" आम्ही काही क्षण निरुत्तर झालो. मग आजीचे शब्द होते तसे सांगितले. ती रडली, आम्हीही रडलो. आणि ती आली नाही. ज्ञातीतील काही मंडळींनी दहाव्याच्या दिवशी यावरून बोल लावला. त्यांपैकी काही येथे बसले आहेत. त्यांच्यावर आमचा राग नाही. परंतु आजी आणि नात यांच्यात जे बोलणे राहावयाचे ते काही राहिले नव्हते, हे त्यांस ठाऊक नव्हते, म्हणून आज चारचौघांत सांगितले.

तेव्हा आपल्या घरचे कोणी असे निघाले तर म्हाताऱ्यांना अंधारात ठेवू नका, मुलांना शेजारी खेळावयास धाडून पाठीमागून निघू नका, दावणीचे वा दारातले जनावर असेल तर त्याच्याही पाठीवरून हात फिरवावयास वेळ ठेवा. गाडी चुकली तर दुसरी मिळते.

मुलगी वर्ष पुरे करून परतली, आणि आता पुन्हा जाण्याचे म्हणते आहे. मोती हयात आहे. कानांनी अधू झाला आहे. परवा तिने पेटी माळ्यावरून काढून ओसरीवर ठेवली, तेव्हा तो उठला, पेटी एकवार हुंगली आणि तिच्यावर जाऊन निजला.