तांबट आळीतला गाळा नक्की कोणाचा?

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा कमी करा, सुरुवातीलाच हातोडी आहे.

(वाचणाऱ्यांसाठी: इथे वीसेक सेकंद नुसता ठोकण्याचा आवाज आहे. ठक ठक ठक, मध्ये क्षणभर थांबून भांडं फिरवतात, पुन्हा ठक ठक.)

हा आवाज पुण्यातल्या कसबा पेठेतल्या तांबट आळीचा. तांबट नावाचा एक पक्षी असतो बघा. दिसत नाही पटकन, पण ऐकला सगळ्यांनी असतो. उन्हाळ्यात भर दुपारी वडावर नाहीतर पिंपळावर बसून टुक टुक टुक लावून धरतो. त्याचं नाव या लोकांवरून पडलं, कारण त्याचा आवाज तांब्यावर हातोडी पडल्यासारखा येतो. आता गंमत अशी, की पक्षी शहरात टिकून आहे. आळीतला आवाज मात्र दरवर्षी थोडा थोडा कमी होतोय.

आज आपण एका कारखान्याबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव मी घेणार नाही, वाड्याचंही नाही आणि बिल्डरचं तर नाहीच. प्रकरण अजून चालू आहे आणि आत काम करणाऱ्यांना माझ्या पॉडकास्टमुळे त्रास व्हायला नको. गोष्ट अगदी साधी आहे. वाडा जुना, तळमजल्यावर भाड्याचा गाळा, गाळ्यात तांब्याची भांडी बनतात. वाडा आता पाडायचाय.

कारखाना म्हटलं की डोळ्यासमोर पत्र्याची मोठी शेड येते. इथे तसं काही नाही. दोन खोल्यांएवढी जागा, भिंती काजळीने काळ्या, एका बाजूला भट्टी. आधी तांब्याच्या पत्र्याची गोल चकती कापायची, तिला आकार द्यायचा, भाग जोडायचे. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, मग ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतात. तापवल्यावर काळं पडतं, म्हणून धुऊन, घासून साफ करायचं. आणि सगळ्यात शेवटी मठारकाम. मठारणे हा शब्द तुम्ही आजीकडून ऐकला असेल. आरशासारख्या गुळगुळीत तोंडाची हातोडी घेऊन भांड्यावर एकाशेजारी एक ठोके मारत जायचं. प्रत्येक ठोक्याचा एक छोटा चपटा ठसा उमटतो, त्यावर उजेड पडला की भांडं चमचम करतं. हे फक्त शोभेसाठी नसतं. भट्टीत मऊ पडलेलं तांबं या ठोक्यांनी परत घट्ट होतं, म्हणून भांड्याला सहज पोचे येत नाहीत.

(ऑनलाइन ज्या ‘हॅमर्ड’ तांब्याच्या बाटल्या मिळतात ना, त्या एकदा नीट बघा. सगळे खळगे एकसारखे, रांगेत शिस्तीत उभे असतील तर ते बहुतेक मशीनचं काम. हाताच्या ठोक्यात थोडा फरक राहतोच. असो.)

हे सगळं मी का सांगतोय? कारण जागेचा प्रश्न नीट कळायला काम कसं चालतं ते आधी कळायला हवं. मठारणारा माणूस जमिनीवर बसतो. ज्या लोखंडी आधारावर भांडं चढवून ठोकतात, तो पक्का रोवलेला लागतो. हलला की ठोका चुकतो. म्हणजे तळमजलाच पाहिजे, खाली माती पाहिजे. तिसऱ्या मजल्यावरच्या स्लॅबवर हे करून दाखवा! भट्टीचा धूर बाहेर जायला वाट पाहिजे. धुण्याचं पाणी काढायला मोरी पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दिवसभर ठोकलं तरी पोलिसांना फोन लावणार नाहीत असे शेजारी पाहिजेत. तांबट आळीत ते पेशवाईपासून होते, कारण शेजारीही तांबटच होते. हंडे, घागरी, आंघोळीचं पाणी तापवायचे बंब, सगळं इथे घडायचं. पुढे स्टेनलेस स्टील आलं, प्लास्टिकच्या बादल्या आल्या, गीझर आला. एकेक घर या कामातून बाहेर पडत गेलं, एकेका गाळ्याचं शटर उघडलं की आत दुसरंच काहीतरी.

आता या कारखान्यात मालक किती, हा प्रश्न विचारा. मी विचारला होता. उत्तर आलं, तीन.

पहिले वाड्याचे मालक. दुसरे कारखान्याचे मालक, ज्यांच्या नावावर भाडेपावती आहे. कायद्याच्या भाषेत ते भाडेकरू. आणि तिसरे काका. काका कोणत्याच कागदावर मालक नाहीत. ते इथे पोरवयात कामाला लागले, मालकांच्या वडिलांच्या हाताखाली शिकले. आज गिऱ्हाईक येतं ते काकांच्या हातासाठी येतं. भट्टी कधी पेटवायची, तांबं किती तापू द्यायचं, कुठलं काम घ्यायचं आणि कुठलं परत पाठवायचं, हे तेच ठरवतात. पैसे मात्र नगावर मिळतात. म्हणजे जितकी भांडी, तितके पैसे.

कारखान्याचे मालक दीड वर्षापूर्वी वारले. त्यांचा मुलगा हिंजवडीला आयटीत आहे. चांगला मुलगा आहे हो, काकांना अहोजाहो करतो, दिवाळीला घरी जातो. पण हातोडी त्याने कधी धरलेली नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. जुन्या भाडेकरूंना आधार देणारा हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे, त्याआधी १९४७ चा होता. भाडेकरू वारला तर पुढे भाडेकरू कोण, याचं उत्तर त्यात दिलेलं आहे. जागा धंद्यासाठी असेल तर भाडेकरूच्या कुटुंबातली जी व्यक्ती तिथे त्याच्यासोबत तो धंदा करत होती, ती. अशी व्यक्ती नसेल तर कुठलाही वारस, आणि वारसांचं आपसात जमलं नाही तर कोर्ट ठरवेल.

नीट ऐकलंत? कुटुंबातली व्यक्ती, नाहीतर वारस. तिथे चाळीस वर्षं बसलेला कारागीर या वाक्यात कुठेच नाही.

हे वाचलं तेव्हा मी वकील मैत्रिणीला दोनदा फोन केला. म्हटलं, काहीतरी असेल गं. ती म्हणाली, “अरे, भाडेकरूचा हक्क त्याच्या घरात जातो. नोकराला तो मिळायला लागला तर कुठला दुकानदार नोकर ठेवेल?” तिचं बरोबरच आहे. किराणा दुकानाला हा नियम अगदी योग्य. पण कारागिरीत उलटं होतं ना! विद्या जाते शिकणाऱ्याकडे आणि भाडेपावती जाते पोराकडे. एकेकाळी पोरगा आणि शिकणारा एकच असायचा, म्हणून कोणाला काही जाणवलं नाही. आता पोरगा हिंजवडीला असतो आणि शिकणारा पगाराशिवाय, पावतीशिवाय गाळ्यात.

वाडा पाडून नवीन इमारत बांधायची तर भाडेकरूंना सामावून घ्यावं लागतं. त्यामुळे बोलणी होतात ती वाड्याचे मालक, बिल्डर आणि भाडेकरू यांच्यात. मुलाला दोन पर्याय दिलेत, नव्या इमारतीत एक दुकान किंवा रोख रक्कम. दोन्ही त्याच्या दृष्टीने चांगलेच आहेत. दुकान घेतलं तरी ते रस्त्याकडेचं, फरशी बसवलेलं, काचेच्या दाराचं. वर चार मजले फ्लॅट. तिथे भट्टी कुठे लावणार?

बरं, समजा लावली. मग दुसरी गंमत. ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५, औद्योगिक भागात ७५. दिवसा म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. वाड्यात राहणारे तांबट होते तोपर्यंत हे मोजायला कोणी यंत्र आणलं नाही. नवीन फ्लॅटमध्ये कर्ज काढून राहायला आलेला माणूस आणेल, आणि मी त्याला दोष देणार नाही. वर्क फ्रॉम होमची मीटिंग आणि खाली ठक ठक. भाडे कायद्यातही शेजाऱ्यांना उपद्रव हे जागा खाली करायला सांगण्याचं एक कारण आहेच.

मग लांब जा, असं सगळे म्हणतात. मीही म्हटलं होतं. नऱ्ह्याला, शिवण्याला शेड मिळतात की. काकांनी हिशोब करून दाखवला, तोंडी, बोटांवर. आज पत्रा आणायला चालत जाता येतं. जोडकाम करणारा दोन घरं सोडून. पॉलिशवाला बोळात. एखाद्या भांड्याचा कान तुटला तर दहा मिनिटांत काम होतं. रस्त्यावरून जाणारी बाई ठोकण्याचा आवाज ऐकून आत डोकावते आणि जुना बंब दुरुस्त होईल का विचारते. शेडमध्ये यातलं काय येणार? टेम्पोचं भाडं तेवढं येईल. आता तर मेट्रोचं कसबा पेठ स्टेशनही झालंय, २९ सप्टेंबर २०२४ ला तो टप्पा सुरू झाला. म्हणजे गिऱ्हाईक यायची सोय झाली, नेमकी आता. जागांचे भावही कशामुळे चढतात ते मी वेगळं सांगायला नको.

शेड घेतलीच तर तिथे तो प्रसिद्ध ‘अकरा महिन्यांचा करार’. इथे तुम्हाला एक उपयोगाची गोष्ट सांगतो, तुम्ही स्वतः भाड्याने राहत असाल तर तुमच्याही. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, असं सगळीकडे सांगतात. महाराष्ट्रात हे चालत नाही. इथे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी जागामालकाची. नोंदवला नाही आणि पुढे वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली होती याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. भाडं दिलं की लेखी पावती मागा, तो तुमचा हक्क आहे.

अजून एक, ज्यांच्या घरात जुना गाळा आहे त्यांच्यासाठी. ज्या कामासाठी जागा घेतली ते काम योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने बंद राहिलं, तर मालक त्या एका मुद्द्यावर ताबा मागू शकतो. वडील गेले, भावाभावांत ठरेना, म्हणून कुलूप लावून ठेवलं, असं कित्येक घरांत होतं. कुलूप महागात पडतं. या कारखान्यात मालक गेल्यावर तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी काकांनी भट्टी पेटवली होती. कायदा माहीत होता म्हणून नाही, ऑर्डर राहिली होती म्हणून. पण मुलाच्या हातात आज बोलणी करायला जे काही आहे, ते त्या पेटलेल्या भट्टीमुळे आहे. हे मी त्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला.

सरकारी योजना आहेत का, हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच. पीएम विश्वकर्मा आहे, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ व्यवसायांसाठी. अवजारांना १५ हजारांपर्यंत मदत, ५ टक्क्यांनी ३ लाखांपर्यंत कर्ज. हस्तकला कारागिरांना केंद्राकडून ओळखपत्रही मिळतं. घ्यावं, जरूर घ्यावं. पण अवजारं काकांकडे आहेतच, त्यातली काही त्यांच्यापेक्षा वयाने मोठी आहेत. अवजारं ठेवायला जमीन नाहीये.

मला विचाराल तर मार्ग एकच दिसतो, आणि तो सह्या व्हायच्या आधीचा आहे. नव्या इमारतीतली जागा एका माणसाच्या नावावर न घेता काम करणाऱ्यांच्या संस्थेच्या नावावर घ्यायची. सहकारी संस्था म्हणा, आणखी काही म्हणा, ते वकील ठरवतील. माणूस जातो, मग वारसाचा प्रश्न येतो. संस्थेला मुलगा नसतो. आपल्याकडे दुधाला सहकार चालला, उसाला चालला, तांब्याला का चालू नये? आळीत अजून जेवढे हात शिल्लक आहेत त्यांना मिळून एक मोठा गाळा पुरेल. मागच्या अंगाला, फ्लॅटपासून लांब. पण यासाठी मुलाने आपल्या वाट्यातलं काहीतरी सोडावं लागेल, आणि ते सोड असं त्याला सांगण्याचा अधिकार मला नाही. कायदा तर त्याच्याच बाजूने आहे.

तरी त्याने एक केलं. बिल्डरबरोबरच्या पुढच्या बैठकीला काकांना घेऊन जायचं कबूल केलंय. काकांना विचारलं, काय मागणार? त्यांनी मला लिहून घ्यायला सांगितलं. एक, तळमजला. दोन, एका कोपऱ्यात चार बाय चार फूट फरशी नको, माती ठेवा. तीन, धुराड्याचा पाइप गच्चीच्या वर न्या. चार, काम सकाळी नऊ ते सहा, दुपारी एक ते चार ठोकणार नाही, लोक झोपतात. हे चौथं ऐकून मी हसलो, पुण्यात बांधकाम होईपर्यंत एक ते चार टिकून राहो म्हणजे झालं.

यादी टाइप करून मुलाला व्हॉट्सअ‍ॅप केली आहे. निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही. बैठक पुढच्या शनिवारी आहे.